घरात एकच आयडी

माझी विहीण अंजूरला राहते आणि मी टेमघरला. मध्ये रिक्षाचा प्रवास. रस्ता मोकळा असला तर थोडा, आणि गोडाऊनचे ट्रक अडकले असले तर विचारू नका. इतक्या लांबच्या बाईचं कोणाला काही वाटायचं कारण नाही. मला वाटतं. स्पष्टच सांगायचं तर ती माझ्या डोळ्यांत खुपते. तिने माझं काडीचंही वाकडं केलेलं नाही, त्यामुळे जास्तच खुपते.

मी एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. दाखले, बोनाफाईड, शिष्यवृत्तीचे अर्ज, यात माझं आयुष्य गेलं. माझी मुलगी बारावी झाली तेव्हा कॉलेजच्या ऑनलाइन फॉर्मसाठी ईमेल लागला, म्हणून मी एक काढला. पुढे गॅस, बँक, वीजबिल सगळं त्यालाच जोडलं गेलं. मग एका दिवाळीला आम्ही तिघांनी नवे मोबाईल घेतले. बाजारातल्या मोबाईलवाल्याने विचारलं, ईमेल आयडी कुठला टाकू. मी तोच सांगितला. "तीनों में यही डाल देता हूँ मॅडम, घर के घर में तो है," तो म्हणाला. मला ते अगदी पटलं. एका घराला एक रेशनकार्ड, एक गॅसचं पुस्तक, तसा एक ईमेल. तिघांचे तीन केले तर तीन पासवर्ड विसरायचे, दुसरं काय.

मुलगी कशेळीच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात कामाला लागली. तिथेच तिने मुलगा पसंत केला. आम्ही नाही म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. मुलगा चांगला आहे, कामसू आहे. माणसं अंजूरची, खाडीकाठची, थोडी शेती उरलेली. लग्न झाल्यावर मी तिचं नाव आमच्या रेशनकार्डावरून कमी करून घेतलं आणि तो दाखला तिच्या सासरी पोचवला. माझ्या कामात उशीर नसतो. कागदावरून मुलगी पूर्ण गेली. मोबाईलमधून तिचं नाव काढायचं असतं हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि तिच्याही आलं नाही. तिच्या ऑफिसचा ईमेल वेगळा होता, पण हातातला मोबाईल घरच्याच आयडीवर चालत राहिला.

लग्नानंतर काही महिन्यांनी मी शाळेत बसून दाखल्यातल्या आडनावाच्या दुरुस्तीचा नियम शोधत होते. सर्चच्या पट्टीवर बोट ठेवलं, तर खाली घड्याळाच्या चिन्हासमोर आधीचे शोध दिसतात ना, तिथे लिहिलेलं: चिंबोरी साफ कशी करावी. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, खेकडे कुठले. मला वाटलं मोबाईल बिघडला. दुसऱ्या दिवशी निघालं, तांदळाची भाकरी तव्यावर का फुटते. त्याच्याखाली, कशेळी ते अंजूर शेवटची रिक्षा किती वाजता. तेव्हा उजेड पडला. हे माझ्या मुलीचे प्रश्न होते. ती तिथे विचारत होती आणि इथे माझ्या हातात येत होते.

आधी मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. लग्न झालेली मुलगी फोनवर काय सांगते? बरी आहे, जेवले, तू जेवलीस का. आणि इथे तर तिचा अख्खा दिवस दिसत होता. मी नवऱ्याला दाखवलं. तो एका पेढीवर हिशेब लिहितो, मोजकं बोलतो. तो म्हणाला, "तिला सांगून टाक आणि बंद करून घे." मी म्हटलं, सांगते की. आणि सांगितलं नाही. मी काही चोरून कुलूप तोडलं नव्हतं. माझ्याच मोबाईलवर माझ्याच आयडीत जे आपोआप दिसतं ते पाहणं म्हणजे काय गुन्हा आहे का, असं माझं तेव्हाचं म्हणणं.

पण आनंद चार दिवसांचा. मग पोटात दुखायला लागलं. सगळे प्रश्न तिकडचेच. निवटी नावाचा मासा असतो, खाडीच्या चिखलातला, तो कसा धुवायचा. ओल्या बोंबलाचं कालवण. गुडघे दुखतात, घरगुती उपाय, म्हणजे सासूबाईंचेच. सासूबाईंसाठी हलक्या चपला. माझी पाठ गेलं वर्षभर दुखत होती, हे तिला माहीत होतं, पण माझ्या पाठीसाठी त्या पट्टीत एक अक्षर नव्हतं. माझ्या हातची साधी चिंचगुळाची आमटी शिकायला हिला कधी सवड झाली नाही. "मला नाही आवडत स्वयंपाक," असं म्हणून ती टीव्हीसमोर बसायची. आणि आता चिंबोरीच्या नांग्या मोडते. अंगाचा तिळपापड व्हायचा माझ्या.

एकदा मी त्या पट्टीत नुसतं 'आई' एवढंच टाइप केलं. तिने माझ्याबद्दल कधी काही शोधलं असेल तर ते वर येईल, असा हिशेब. एकच आलं. आईला न दुखावता नाही कसं म्हणायचं. मी मोबाईल उलटा ठेवला. त्या रात्री जेवले नाही. नवऱ्याने विचारलं तर दाढ दुखते म्हणाले. त्याने लवंग आणून दिली आणि मी मुकाट्याने ती दाढेत धरली.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र माझ्या बाजूची होती. तिने भाकरीचं विचारलं की संध्याकाळी मी फोन करून सहज म्हणायचे, "पिठाला उकळतं पाणी घालतेस ना गं? नाहीतर फुटते." तिला सर्दी झाली की मी आल्याचा रस सांगायचे, तिने सांगायच्या आधीच. ती चाट पडायची. "आई, तुला कसं कळतं?" मी म्हणायचे, आईला कळतं. ती हसायची आणि मला आणखी दोन गोष्टी सांगायची, ज्या तिने एरवी सांगितल्या नसत्या. विहिणीला गुडघे असतील, चिंबोऱ्या असतील, पण हे तिच्याकडे नव्हतं. मला ते फार गोड लागत होतं.

मग एक दिवस पट्टीत आलं, पाळी चुकल्यावर टेस्ट कधी करावी. मी शाळेत होते. समोर एक पालक दाखल्यासाठी उभा होता आणि मी त्याला, "बसा, बसा," म्हणत राहिले. त्या दिवसापासून माझा मोबाईल वेडाच झाला. बातमी उघडली तर शेजारी गरोदर बायकांचे गाऊन. भजन ऐकायला गेले तर मध्येच पाळण्याची जाहिरात. नवऱ्याने खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "या वयात? मला निदान विचारायचं तरी." कधी नव्हे ते तो विनोद करत होता आणि मला हसू येत नव्हतं, कारण मी फोनची वाट बघत होते. अख्ख्या बाजारपेठेला कळलं होतं, पाळणेवाल्यांना कळलं होतं, आणि मुलीने आईला अजून सांगितलं नव्हतं.

ती रविवारी आली, नवऱ्याबरोबर, पेढे घेऊन. मी तोंडावर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं. पाणी खरंच होतं. मग ती बोलता बोलता म्हणाली की सासूबाईंना शुक्रवारीच कळलं, सकाळी उलटी झाली तेव्हा त्यांनीच पाठ चोळली. शुक्रवारी. म्हणजे मला तिसऱ्या दिवशी. पेढा माझ्या तोंडात होता आणि तो गिळायला मला पाणी लागलं.

पण मला एक आधार होता. पहिलं बाळंतपण माहेरी. हे कोणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नव्हतं. विहिणीच्या हातात बाकी सगळं असेल, पण सातव्या महिन्यानंतर मुलगी माझ्याकडे येणार, माझ्या घरात निजणार, सव्वा महिना मी तिला शेकणार, बाळाला पहिली आंघोळ माझ्या हातची. मी आतल्या खोलीला रंग काढला. डिंक, खारीक, अळीव कुठल्या दुकानात चांगलं मिळतं ते ठरवून ठेवलं. शाळेत रजेचं बोलून ठेवलं. इतकी वर्षं मी इतरांच्या रजांचे अर्ज लावत आले, ही माझी रजा होती.

आणि तिला पाचवा महिना लागला तेव्हा सर्चच्या पट्टीत ते आलं. पहिले बाळंतपण सासरी केले तर चालते का.

मी ते कितीदा वाचलं कोण जाणे. माझी मुलगी पळवाट शोधत होती. आईला न दुखावता नाही कसं म्हणायचं, ते बहुतेक आता तिला सापडलं असावं. माझ्या डोळ्यांसमोर माझी विहीण यायला लागली, तांब्यात पाणी घेऊन, माझ्या नातवंडाच्या डोक्यावर हात धरून. मला त्या बाईचा इतका राग आला की मी भाजी करपवली. नवरा म्हणाला, "मुलीला विचार ना सरळ." सरळ कसं विचारणार? मग कुठे वाचलंस ते सांगावं लागलं असतं. मी ठरवलं, विहिणीलाच गाठायचं. लेकी बोले सुने लागे म्हणतात, मी उलटं करणार होते. बोलायचं विहिणीशी, लागायचं लेकीला.

पुढच्या रविवारी डबा घेऊन अंजूरला गेले. दुपारची वेळ होती. विहीण ओटीवर बसून तांदूळ निवडत होती. मुलगी आत चहा ठेवत होती. जावई रविवार असूनही कामावर. विहिणीने मला बसायला चटई टाकली आणि माझ्या पाठीला भिंत मिळेल अशी ती सरकवली. मी तेसुद्धा मनात धरलं, की बघा, किती साळसूद.

इकडचं तिकडचं झालं. मग मी आवाज थोडा चढवून, स्वयंपाकघरापर्यंत जाईल असा, म्हटलं, "विहीणबाई, आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरीच होतं. सासरी केलं तर चालतं का, असं कोणी विचारत असेल, तर त्याचं उत्तर चालत नाही असं आहे."

विहिणीचा हात तांदळात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर चोरी पकडल्यासारखं काही होतं, आणि मला क्षणभर बरं वाटलं.

"तुमाला कसं कललं?" ती म्हणाली. "ते मी इचारलं व्हतं. मोबाईलला. घरात मी कोनाला बोलले न्हाय."

"तुम्ही?"

"पोरीचा मोबाईल घेतला व्हता. मना लिवता येत न्हाय, बोलून इचारते. गुडघ्याचं पन तसंच इचारते." ती ओशाळली होती. "मना वाटलं, पोर इथं राहिली तर बरं. पन ती ऐकत न्हाय. मी आईकडंच जानार म्हनते. म्हनून मोबाईलला इचारलं, रीत काय हाय. मनात आलं ते इचारलं, एवढंच."

मुलगी दारात उभी होती, हातात दोन कप. तिने कप खाली ठेवले. ते ठेवताना तिने घाई केली नाही आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आई, तुझा मोबाईल दे."

मी म्हटलं, कशाला. ती हात पुढे करून उभी राहिली. मी दिला. तिला शोधायला वेळ लागला नाही. ती पट्टी उघडून खाली खाली जात राहिली. भाकरी, चिंबोरी, सर्दी, शेवटची रिक्षा, पाळी. आणखी काय काय, जे मी इथे लिहिणार नाही, कारण ते तिचं आहे. विहीण आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण वाईट चाललंय हे कळत होतं. तिने तांदळाचं सूप उचललं आणि ती आत गेली.

"किती दिवसांपासून?" मुलीने विचारलं.

"लग्नानंतर काही महिन्यांनी दिसायला लागलं. मी काही केलं नाही. आयडी एकच आहे ना आपला."

"आणि भाकरीचं पीठ? आणि आलं?"

मी खाली ठेवलेला कप जवळ ओढला.

"म्हणजे तुला कळत नव्हतं," ती म्हणाली. "तू वाचत होतीस."

मी तिला म्हटलं, अगं, पण मी कोणाला सांगितलं का? एका शब्दाने बाहेर काढलं का? आणि आईपासून काय लपवायचं असतं? मी बोलत गेले. चुकीचं बोलते आहे हे बोलतानाच कळत होतं, तरी थांबता आलं नाही. मी तो जुना प्रश्नसुद्धा काढला. म्हटलं, मला नाही म्हणायचं होतं ना तुला, मग मोबाईलला कशाला विचारलंस, मला विचारायचं.

"तुला विचारलं की तू येतेस," ती म्हणाली. "डबा घेऊन. मोबाईलला विचारलं की तो उत्तर देतो आणि तिथेच थांबतो."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मलाही भांडता आलं असतं, भांडणात मी कोणाला हार जात नाही. ती माझ्याशेजारी चटईवर बसली आणि दोन्ही मोबाईल मांडीवर घेऊन काहीतरी करत राहिली. तिने स्वतःसाठी नवा ईमेल काढला, स्वतःच्या मोबाईलमधून जुना काढून टाकला, माझ्या मोबाईलमधले सगळे जुने शोध पुसले. हे सगळं होईपर्यंत चहा निवला. मग तिने माझा मोबाईल माझ्या हातात दिला.

"घरी गेलीस की बाबांचापण वेगळा करून दे," ती म्हणाली. "त्यांचेही दिसत असतील तुला."

दिसत होते. तो फक्त क्रिकेटचा स्कोअर बघतो, म्हणून मी लक्ष देत नसे.

मी विचारलं, "आणि बाळंतपण?"

"इथेच करीन."

"पण तू तर माझ्याकडे येणार होतीस. विहीणबाई आत्ताच म्हणाल्या."

"हो, येणार होते," ती म्हणाली. "मी या दोघांशी, सासूबाईंशी आणि तुझ्या जावयाशी, भांडत होते तुझ्यासाठी. मी त्यांना सांगायचे, माझ्या आईला काही सांगावं लागत नाही, तिला नुसतं कळतं, म्हणून मला तिथेच जायचंय." मग ती उठली, कमरेवर हात ठेवून, हळू. "चहा गार झाला. दुसरा करते."

मी तो दुसरा चहा प्याले. नाही म्हणायला तोंड नव्हतं. विहीण मला रिक्षापर्यंत सोडायला आली, डब्यात भाजी भरून, आणि सारखी म्हणत होती, "मी तिला समजावते, तुमी मनाला लावून घेऊ नका." तिने समजवू नये असं मला वाटत होतं. तिच्या शब्दाखातर मुलगी माझ्याकडे आली असती तर ते मला जास्तच झोंबलं असतं. पण तेही झालं नाही. मुलगी ठरवलं की बदलत नाही, त्या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे.

आता सातवा लागला. माझ्या सर्चच्या पट्टीत माझेच प्रश्न असतात, दाखल्यांचे नियम आणि पाठीचे व्यायाम. पाळण्यांच्या जाहिराती हळूहळू बंद झाल्या. मुलीचं काय चाललंय ते मला फोन करून विचारावं लागतं, आणि विचारलं की ती म्हणते, बरी आहे. मी आणखी विचारत नाही. जिभेवर येतं, परत गिळते. नवरा म्हणतो, धीर धर. आतल्या खोलीचा रंग वाळला आहे आणि तिथे मी सध्या कपडे वाळत घालते.

मागच्या आठवड्यात डोहाळजेवण झालं, अंजूरलाच. मी हिरवी साडी घेऊन गेले, ओटी भरली. बायका जमल्या होत्या, गाणी चालली होती. मुलगी पाटावर बसून सगळ्यांकडे बघत हसत होती. मीही तिच्याकडेच बघत होते, अगदी समोरून, तिला काय हवंय ते ओळखायचंच म्हणून. तहान लागली असेल, उकडत असेल, फुलं टोचत असतील. मला काही समजेना. तेवढ्यात विहीण गाणं गाता गाताच उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि तिने आतून उशी आणून मुलीच्या पाठीमागे लावली. मुलीने मागे न बघता पाठ टेकली आणि डोळे मिटले.